ताट्या भरायचे दिवस

मार्च उलटला की चंद्रपुरात दोन गोष्टी एकदम बाहेर निघतात. ताडपत्रीखालचे कूलर आणि पोरांची पुस्तकं. वर्षभर दोन्हींवर धूळ बसलेली असते आणि सुरू होताना दोन्ही थोडी कुरकुर करतात. मी आता राजुऱ्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. परीक्षेच्या हॉलमध्ये बाकांच्या मधून फिरत असते तेव्हा खिडकीतला कूलर घरघरत असतो, आणि त्या आवाजावरून मला कळतं की पंपात कचरा अडकला आहे, डाव्या बाजूला पाणी पोचत नाही. पण पेपर चालू असतो. पोरींच्या माना खाली असतात, ओढणीच्या टोकाने कपाळ पुसत त्या लिहीत असतात. शेवटच्या वर्षाच्या पोरी लगेच ओळखू येतात. त्या अधूनमधून मान वर करून खिडकीबाहेर बघतात. उत्तर तिथे नसतं, हे त्यांनाही माहीत असतं.

माझं शेवटचं वर्षही असंच उन्हात गेलं. त्या उन्हाळ्याकडे मी आता बघते ते समोरच्या गच्चीवर कोणी काम करताना दिसावं तसं. मी तिथे आहे, हातात पक्कड आहे, डोक्याला ओला दुपट्टा आहे. पण ती मुलगी काय विचार करत असेल, हे इतक्या अंतरावरून नीट सांगता येत नाही.

आमचं घर जुन्या गावात, परकोटाच्या आत. पुढच्या खोलीत अब्बांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि वर एक खोली भाड्याने दिलेली. अब्बांना सगळे रशीदभाई मिस्त्री म्हणत. थंडीत ते पत्र्याच्या पेट्या बनवायचे, धानाच्या कोठ्यांना डाग द्यायचे. पण त्यांचं खरं वर्ष होळीनंतर सुरू व्हायचं. कूलरच्या तीन बाजूंना जाळीच्या चौकटी असतात, त्यांत लाकडाचे लांब कुरळे तंतू भरायचे, वरून पाणी झिरपत ठेवायचं, म्हणजे आतला पंखा बाहेरची लू ओढून गार करून देतो. त्या चौकटीला ताटी म्हणतात. ताटी पातळ भरली तर गरम हवा तशीच आत येते, ठासून भरली तर हवाच येत नाही. मधलं जे काही आहे ते हाताला कळावं लागतं. आमच्या घरात होळी ते मृग ह्या दिवसांत जेवणात, अंथरुणात, अम्मीच्या केसांत, माझ्या वहीच्या शिवणीत, सगळीकडे ते तंतू सापडायचे.

वरच्या खोलीत रजनी राहायची. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील तिथल्या धानाच्या संशोधन केंद्रावर रोजाने कामाला होते, आई दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जायची आणि उन्हाळ्यात मोहफुलं, तेंदूपत्ता. खोलीच्या कोनाड्यात रजनीने बुद्धाची एक लहान मूर्ती ठेवली होती आणि तिच्याशेजारी धावायचे बूट, कारण खोलीत दुसरी स्वच्छ जागा नव्हती. ती बीएला, मी बीएस्सीला. आमचे पेपर वेगळे, उन्हाळा एक. घरी आम्ही हिंदी बोलतो, तीही चंद्रपूरची, अर्धी मराठीत बुडालेली. रजनी खाली उतरली की सगळे मराठीवर यायचे. ती आल्यापासून अम्मीची मराठी सुधारली आणि रजनीच्या मराठीत ‘हाव’च्या जागी कधीकधी ‘हां जी’ यायला लागलं.

रजनीला वनरक्षक व्हायचं होतं. रोज पहाटे ती मैदानावर धावायला जायची. ऊन वर यायच्या आत परतायची, तरी तोंड लाल झालेलं असायचं. मी तेव्हा पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असे. ती माझ्या शेजारी धपकन बसायची आणि माझ्याच लोट्यातलं पाणी प्यायची.

एकदा मी विचारलं, “वनरक्षकच काऊन? पोलिसात काऊन नाई?”

“माही माय मोह वेचाले जाते तं जीव मुठीत धरून जाते,” ती म्हणाली. “वाघाले भेते, अन् खाकी ड्रेसवाल्यालेही भेते. घरात एक ड्रेस असला तं एक भेव तरी कमी होईल.”

एवढं बोलून ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मला भूगर्भशास्त्र आवडायचं, नागपूरला जाऊन एमएस्सी करायची होती. काऊन म्हणून कोणी विचारलं असतं तर मी अडखळले असते. अम्मी त्याला ‘पत्थर की पढाई’ म्हणायची. कोळशाच्या खाणीतून आलेल्या शेलच्या तुकड्यावर एक लांबट पान उमटलेलं होतं, मधली शीर, बाजूच्या बारीक शिरा, सगळं. तो तुकडा मी एकदा घरी आणून अब्बांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, तिरपा केला.

“पान आहे,” ते म्हणाले.

“कोट्यवधी वर्षांपूर्वीचं.”

“पण पानच आहे ना.” त्यांचा आवाज समाधानाचा होता. ओळखीचं कोणी भेटल्यासारखा.

आणि बर्फ. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की हा सगळा भाग एके काळी बर्फाखाली होता. इरई नदीच्या बाजूला जुन्या खडकांवर त्या बर्फाने ओढलेल्या रेघा अजून आहेत. पेपरात येणार म्हणून मी ते पाठ करत होते. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं, कावळे चोच उघडी टाकून नळाखाली बसलेले, आणि मी मोठ्याने वाचते आहे, हिमनद्या, हिमनद्यांनी आणलेले गोटे, त्यांच्यावरचे ओरखडे. रजनी जिन्यावर बसून ऐकत होती.

“म्हंजे आपल्या पायाखाली बर्फ होता?”

“हाव.”

“मंग थोडासा ठेवाचा नव्हता काय?”

आम्ही इतक्या हसलो की अम्मी आतून ओरडली. नंतर पेपरात तोच प्रश्न आला आणि उत्तर लिहिताना मला पुन्हा हसू आवरेना. पर्यवेक्षक बाईंनी येऊन माझी उत्तरपत्रिका उलटीपालटी करून पाहिली.

पेपर सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा अब्बांना ऊन लागलं. गावातल्या एका उंच घराच्या गच्चीवर ते दोन कूलर बसवत होते. उन्हात काम करायची त्यांना सवय होती. खिशात कांदा, डोक्याला ओलं फडकं, आणि काम संपल्यावरच पाणी. ही शेवटची सवय वाईट होती, पण ती कोणी मोडू शकलं नव्हतं. दुपारी ते स्कूटर घेऊन घरी आले. स्कूटर स्टँडवर लावली नाही, नुसती सोडून दिली, ती आडवी पडली. ते उंबऱ्यावर बसले आणि मला म्हणाले, “पंप सुरू कर.” दुकानात कुठलाही पंप जोडलेला नव्हता. अंगाला हात लावला तर तव्यासारखं अंग, आणि घाम अजिबात नाही.

अम्मी आणि मी नुसत्या उभ्या राहिलो. रजनी वरून दोनदोन पायऱ्या उतरत आली. तिने दोरीवरची चादर ओढली, माठात बुचकळली, अब्बांच्या अंगावर टाकली आणि रस्त्यावर जाऊन ऑटो अडवला. तिच्या गावात तेंदूच्या दिवसांत असे लोक पाहिले होते, असं ती नंतर म्हणाली. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत अब्बा बरोबर बोलायला लागले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. ह्या उन्हाळ्यात आता उन्हात पाऊल टाकायचं नाही.

उन्हाळा मात्र अर्धाच सरला होता. दुकानात रिकाम्या ताट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि अब्बांचा फोन वाजत होता. कोणाकडे म्हातारी माणसं, कोणाकडे नवी बाळंतीण. गिऱ्हाईक चिडून बोलत नव्हतं, काकुळतीने बोलत होतं. अम्मी प्रत्येकाला सांगायची, मिस्त्री बीमार आहेत. पलीकडचा माणूस आधी वाईट वाटल्याचं सांगायचा आणि मग थोडं थांबून विचारायचा, मंग केव्हा येतील?

मला भाऊ नाही. मोठी बहीण बल्लारशाला दिलेली, तिची पोरं लहान. दोन पेपरांच्या मध्ये काही दिवसांची सुट्टी होती, आणि एका सकाळी मी पुस्तक बाजूला ठेवून ताटी भरायला बसले. त्यात ठरवून केलेलं काही नव्हतं. लहानपणापासून पाहिलेलं काम, हात आपोआप गेले. दुपारपर्यंत बऱ्याच ताट्या भरून झाल्या. मग प्रश्न आला की ह्या नेऊन बसवणार कोण.

“आपण जाऊ,” रजनी म्हणाली. “मले स्कूटर येते. तुले बाकीचं येते.”

अम्मीने खाटेकडे पाहिलं. अब्बा छताकडे बघत होते. नको म्हणतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, “टेस्टर खिशात ठेवजो. अगोदर टेस्टर, मंग हात. अन् सकाळी सकाळीच जाजो, ऊन चढाच्या आत वापस.”

तर अशा आम्ही निघालो. पुढे रजनी, मागे मी, आमच्या दोघींच्या मध्ये तीन ताट्या उभ्या धरलेल्या, त्यामुळे मला रस्ता दिसायचा नाही, फक्त रजनीची वेणी आणि दोन्हीकडे सरकणारी दुकानं. पहिल्याच घरी एका काकूंनी दार उघडलं आणि आमच्या पाठीमागे पाहिलं.

“मिस्त्री कुठी आहे?”

“मीच आली आहे काकू. अब्बाले बरं नाई.”

“तू? अन् करंट-गिरंट लागला तं?”

“लागला तं आमाले लागन,” रजनी म्हणाली. “तुमी कायले भेता?”

काकूंनी खुर्ची ओढली आणि काम संपेपर्यंत आमच्यावर नजर ठेवून बसल्या. मी टेस्टर लावला, जुन्या ताट्या काढल्या. त्यांच्यावर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर चढला होता. नळीची बुजलेली भोकं तारेने मोकळी केली, नव्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं. पंखा सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा कोरडी धूळ आली, मग ओल्या लाकडाचा वास, मग गार हवा. काकूंनी खुर्ची सरकवून कूलरसमोर घेतली आणि डोळे मिटले. आम्ही तिथे आहोत हे त्या काही वेळ विसरल्या असाव्यात. नंतर उठून त्यांनी आम्हाला मठ्ठा दिला.

सगळीच घरं अशी नव्हती. एके ठिकाणी काम झाल्यावर आडनावं विचारली. आम्ही सांगितली. मग पाणी कागदी पेल्यांतून आलं, दोघींनाही. खाली उतरून स्कूटर सुरू करताना रजनी म्हणाली, “चाल, तुही-माही बराबरी तं झाली.” मी हसले. ती हसली नाही.

आणि एक म्हातारे गृहस्थ होते, एकटे राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले. काम चालू असताना ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मी खुर्चीवर चढले होते आणि ती डगमगत नव्हती, तरी ते धरून होते. बोलता बोलता त्यांना कळलं की दुसऱ्या दिवशी माझा पेपर आहे.

“उद्या पेपर अन् आज इथी?” ते म्हणाले. “मंग आता बसा. थंड हवा आहे. पुस्तक असन ना थैलीत? वाचा.”

पुस्तक होतं. मी सोफ्यावर बसून खडकांचे प्रकार वाचले, रजनीने सामान्य ज्ञान वाचलं, आणि ते गृहस्थ समोरच्या आरामखुर्चीत झोपून गेले. निघताना त्यांना उठवावं की नाही ह्यावर आम्ही खुसफुस करत राहिलो. शेवटी दार हलकेच ओढून घेतलं.

घरी परतल्यावर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली घेऊन ताट्या भरायच्या. तंतू बोटांत शिरायचे, रजनी शिव्या घालत ते दातांनी काढायची. मी भरायचे, ती जाळी दाबून तार आवळायची, आणि आम्ही एकमेकींचा अभ्यास घ्यायचो. मी तिला नद्या विचारायचे. वैनगंगा कुठे मिळते, प्राणहिता कुठून सुरू होते, इंद्रावती कोणत्या बाजूने येते. ती मला जीवाश्मांची नावं विचारायची आणि प्रत्येक नाव असं उच्चारायची की ते तिच्या गावातल्या कोणा म्हाताऱ्याचं वाटावं. आमचा त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला अभ्यास तिथेच झाला, असं मला वाटतं. कदाचित तेव्हा तो अभ्यास आहे हे आमच्या लक्षात आलं नाही म्हणून झाला असेल.

मधेच रजनी भरतीच्या मैदानी चाचणीला जाऊन आली. धावणं, मग लांबचं चालणं. परतली तेव्हा पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं. अम्मीने हळद-तेल गरम करून दिलं. “जमलं काय?” मी विचारलं. “माह्या हातात जेवढं होतं तेवढं झालं,” ती म्हणाली. “आता यादीच्या हातात.” आणि दुसऱ्या सकाळी चपला घालून, लंगडत, स्कूटर काढून दारात उभी राहिली.

मे महिना लागला. आता गिऱ्हाइकाचे फोन वेगळे यायला लागले. ‘रशीदभाई आहेत काय’ ऐवजी ‘ती पोरगी आहे काय’ असं लोक विचारायचे. ज्यांच्याकडे आम्ही गेलो होतो ते शेजाऱ्यांना सांगायचे, शेजारी फोन करायचे. मला ते आवडत होतं, हे सांगायला हवं. पेपर लिहून आल्यावर चांगला गेला की नाही हे कळायला कित्येक महिने जातात. इथे पंखा लावला की लगेच समोरच्याच्या चेहऱ्यावर उत्तर दिसायचं. मी पंपाचा आवाज ऐकून दोष सांगायला लागले. गळणाऱ्या टाकीला आतून डांबर कसं द्यायचं, हे अब्बांना न विचारता केलं, आणि ती गळायची थांबली.

एका संध्याकाळी बल्लारशाहून मामू आले, अम्मीचे भाऊ. अब्बांच्या खाटेजवळ बसून ते खुशीत म्हणाले, “अरे, दुकान तो बच्ची ने संभाल लिया. अब नागपूर-वागपूर काहे को?”

अम्मीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिच्या मनात हे आधीच येऊन गेलं होतं, हे मला कळलं. तिला माझं भलंच हवं होतं. घरातली मुलगी घरात, दुकान चालू, म्हाताऱ्या नवऱ्याला उन्हापासून सुट्टी. त्यात वाईट काय होतं? मला स्वतःला वाईट वाटलं का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. वाटलं नव्हतं. मी चहा गाळत होते आणि मनात म्हणत होते, पुढच्या वर्षी होळीच्या आधीच ताट्या भरून ठेवल्या तर घाई होणार नाही.

अब्बांनी मामूंना बल्लारशाच्या गाडीची वेळ विचारली.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी आणि रजनी सकाळचं काम करून परतलो, तर दुकानाबाहेर आमची शिडी उभी होती आणि आत सुधाकरभाऊ बसून चहा पीत होते. सुधाकरभाऊ म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचे कूलर मिस्त्री. इतक्या वर्षांत अब्बांच्या तोंडून त्यांच्याबद्दल एकच वाक्य ऐकलं होतं, की सुधाकरच्या ताट्या मधून पोकळ असतात. त्यांच्या पायाशी अब्बांची ड्रिल मशीन, पान्ह्यांची थैली, तारेची गुंडाळी, सगळं एका गोणपाटावर मांडून ठेवलेलं.

“ये शाहीन,” अब्बा म्हणाले. “सुधाकरभाऊले घरं सांग. कोणाचा कूलर कुठी आहे, ते आता तुलेच माहीत.”

“काऊन?”

“उरलेलं काम ते करतील. पुढच्या वर्षापासून सगळंच.”

मी दारातच उभी होते. रजनी माझ्या मागे, तिच्या हातात हेल्मेट.

“मी करून राह्यली ना अब्बा. माह्याकडून काही चुकलं काय?”

“नाई.”

“कोणी तक्रार केली?”

“नाई.”

“मंग?”

अब्बा खाटेवर सरळ बसले. सुधाकरभाऊ होते म्हणून ते मराठीतच बोलत राहिले, शब्द जपून निवडत.

“खराब करत असती तं राहू दिलं असतं,” ते म्हणाले. “चार घरचे बोंबलले असते, तू आपोआप सुटली असती. पण तू चांगलं करते. लोक आता माहं नाव घेत नाई, तुहं घेते. असं काम मंग सुटत नाई, बेटा. मले नाई सुटलं.”

“मले सोडाचं आहे हे तुम्हाले कोणं सांगतलं? एकदा विचारलं असतं.”

“विचारलं असतं तं तू राहतो म्हटली असती.”

सुधाकरभाऊंनी बशीत बघायला सुरुवात केली. आतल्या दारात अम्मी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला होता. मला राग आला. तो इतका स्वच्छ राग होता की त्याची आठवण मला अजून नीट आहे. बाकी त्या उन्हाळ्यातलं बरंच पुसट झालं आहे. हे माझं काम होतं, मी कमावलेलं, आणि ते माझ्यासमोर गोणपाटावर मांडून दुसऱ्याला दिलं जात होतं. तेही पोकळ ताट्यावाल्याला.

पण माणूस बसलेला होता आणि घरं सांगायची होती. मी खाली बसले आणि सांगितली. त्या काकूंकडे बोर्डाचं डावं बटण उलटं आहे, बंद केलं की सुरू होतं. अमक्यांच्या गच्चीचा कठडा हलतो, त्याला धरायचं नाही. रेल्वेवाल्या बाबांकडे गेलात तर घाई करू नका, ते खुर्ची धरायला येतील, धरू द्या. कागदी पेल्याचं घर आलं तेव्हा मी पत्ता सांगितला आणि पुढे गेले. रजनी मधून म्हणाली, “तेथी पाणी घरूनच घेऊन जाजा भाऊ.” सुधाकरभाऊंना काही कळलं नाही, त्यांनी मान हलवली. मग ते हळूच म्हणाले, “रशीदभाई, पोरीनं काम केलेल्या घरी माह्या ताट्या पास होतील काय?”

“मधात जरा जास्त भरत जा,” अब्बा म्हणाले.

मी नागपूरला गेले, एमएस्सी केली. आता दरवर्षी जूनमध्ये मी पुन्हा नव्याने मुलाखत देते आणि त्याच कॉलेजात तासिकेवर लागते. पोरांना खाणीजवळच्या नाल्यात घेऊन जाते, शेल फोडून पान दाखवते. कोणी म्हणतं, “मॅडम, हे तं पानच आहे.” तेव्हा मला बरं वाटतं. रजनीचं नाव त्याच वर्षीच्या यादीत आलं. ती आता गडचिरोलीत आहे, हेमलकशाच्याही पलीकडच्या जंगलात. मोबाइलला टॉवर मिळाला की उंचवट्यावर उभी राहून फोन करते. तिची आई अजून मोहाला जाते. ड्रेसची भीती गेली, वाघाची आहे तशीच आहे, असं रजनी सांगते. अब्बा सकाळी सुधाकरभाऊंच्या दुकानात जाऊन बसतात आणि त्यांच्या ताट्या दाबून बघतात. सुधाकरभाऊ त्यांना सहन करतात, चहा पाजतात. त्या उन्हाळ्यात दुकान माझ्याकडे राहिलं असतं तर आज त्याची पाटी मोठी झाली असती, ह्यात मला शंका नाही. त्यात मी सुखी असते का, हे शोधण्याची घाई आता उरलेली नाही.

रागाचं मात्र असं झालं की तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतच पुरला. शेवटचा पेपर जीवाश्मांचा होता. सकाळी निघताना मी अब्बांशी बोलले नाही, त्यांनीही दुआ मोठ्याने म्हटली नाही, फक्त ओठ हलले. पेपर बरा गेला. बाहेर आले तेव्हा बारा वाजून गेले होते. मुली एकमेकींच्या पाठीवर सह्या करत होत्या, कोणी रडत होतं, कोणी उसाचा रस प्यायला चाललं होतं. मी दुपट्टा बांधला आणि चालत घराकडे निघाले. रस्ते ओस होते. परकोटाच्या सावलीत कुत्री जीभ काढून पडलेली, एका हातगाडीवर टरबुजं ओल्या पोत्याखाली झाकलेली, विकणारा कुठे दिसत नव्हता.

दुकानाचं शटर पूर्ण खाली होतं. ते मी भर उन्हाळ्यात कधी पाहिलं नव्हतं. बाजूच्या बोळातून मी मागच्या दाराने आत गेले. अम्मी तांदूळ निवडत बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि खाटेकडे खूण केली.

अब्बा झोपले होते. दुखण्यात ते दुपारभर पडून असायचे, पण डोळे उघडे, तोंड दुकानाकडे, फोन वाजला की मान वर. आता ते भिंतीकडे कूस करून, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड थोडं उघडं ठेवून झोपले होते, आणि घोरत होते. माझं वय तेव्हा एकवीस होतं. उन्हाळ्यात भर दुपारी झोपलेले अब्बा मी पहिल्यांदा पाहत होते.

मी पायातल्या चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता त्यांच्या खाटेशेजारी खाली बसले.